कुंकवाखालची आठ माणसं

माझ्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझी ओळख ‘संगणक सुरक्षेतल्या ज्येष्ठ तज्ज्ञ’ अशी करून दिली, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या आईने शेजारणीला विचारलं, “म्हणजे वॉचमन का गं?” इतक्या वर्षांत माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन कोणी केलेलं नाही. वॉचमनच. फक्त वॉचमनला बसायला स्टूल मिळतं आणि दिवाळीत पोस्त मिळते. आम्हाला दिवाळीत फोन येतो, की बाई, मशीन उघडत नाहीये, जरा येता का?

माझं काम छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहिण्याचं. ज्यांना हा शब्द नाटकवाल्यांचा वाटतो त्यांच्यासाठी सांगते. स्क्रिप्ट म्हणजे चिठ्ठी. कामाला जाताना आपण शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि चिठ्ठी ठेवतो. गॅसवाला आला तर सिलिंडर घ्या, पाणी आलं तर पिंप भरा, मांजर आलं तर हाकला. संगणकासाठी लिहायची ती अशीच पंधरा-वीस ओळींची चिठ्ठी. पण काकूंना अक्कल असते. मांजराऐवजी नणंद आली तर काकू तिला हाकलत नाहीत, निदान तोंडावर तरी नाही. संगणक लिहिलंय तेवढंच करतो, आणि आपण चूक लिहिलं असेल तर ती चूकही मन लावून करतो. या धंद्यातलं सगळं शहाणपण एवढंच आहे. बाकीचं सर्टिफिकेटवाल्यांनी वाढवलेलं आहे.

मी कुठे शिकले, नोकऱ्या किती केल्या, हे सांगत बसत नाही. ते बायोडेटात आहे आणि तिथेही कोणी वाचलं नाही. गिऱ्हाइकं मात्र लक्षात राहिली.

लोअर परळला, एका बंद गिरणीच्या आवारात झालेल्या काचेच्या ऑफिसात मला पासवर्ड तपासायला बोलावलं होतं. मी एक स्क्रिप्ट लिहिली. देवांची नावं, मुलांची नावं, माशांची नावं आणि आसपासच्या गणपतींची नावं अशी यादी द्यायची आणि एकेक शब्द प्रत्येक कुलपाला लावून बघायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मं ऑफिस सताड उघडं पडलं. गणपतीबाप्पाने सर्वांत जास्त दारं उघडली, त्याचं काम तेच आहे. खात्याच्या मुख्य साहेबांचा पासवर्ड निघाला ‘पापलेट’. साहेब कडक शाकाहारी. मला केबिनमध्ये बोलावून हळूच म्हणाले, “बाई, अहवालात हे घालू नका. घरी कळेल.” मी घातलं नाही. आजही नाव सांगत नाही, वॉचमनचा धर्म म्हणून.

दुसरं गिऱ्हाईक वरळी कोळीवाड्यातली हिराबाई. नातवाने कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याचा काहीतरी उपयोग व्हायलाच हवा असा तिचा हट्ट. मी तिला भरतीची वेळ सांगणारी चिठ्ठी लिहून दिली. हिशोब सोपा असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी टाकली, तर पडद्यावर आलं ‘तीन वाजता’. हिराबाईने पदर सावरला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “अगो बाय, हे तं मना पन म्हायती हाय. खोक्याला काय इचारायचं?” तिने मला दोन सुरमया बांधून दिल्या, त्या दयेपोटीच असाव्यात.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी, आणि तिच्यात हसू येतं ते आता.

आम्ही बीडीडी चाळीतले. बाबा वरळीच्या गिरणीत होते. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. संप कधी संपला ते कोणीच सांगितलं नाही, लोक हळूहळू दुसरी कामं शोधायला लागले, एवढंच. पुढे पुष्कळ वर्षांनी, मी फोर्टात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून नोकरी करत असताना, लालबागच्या एका बंद गिरणीच्या जुन्या कामगारांनी एक समिती काढली. गिरणीच्या जागेवर कामगारांना घरं मिळणार अशी बोलणी चालू होती. घर मागायचं तर संपाच्या वेळी हजेरीपटावर आपलं नाव होतं हे दाखवायला हवं. आणि हजेरीपट वाळवीच्या ताब्यात. टाइम ऑफिसची इमारत पाडायची होती, रद्दीवाला येऊन वजनाचा अंदाजही घेऊन गेला होता.

तेव्हा समितीने हजेरीपट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं ठरवलं, आणि रविवारी फुकटात येणारी म्हणून मला पकडलं. बाबांची गिरणी वेगळी होती, पण संप एकच. मी नाही कशी म्हणणार?

समितीचे कारभारी होते अण्णा घाडी. मालवणकडचे, लूम खात्यातले विणकर. संपानंतर त्यांनी उदबत्त्या विकल्या, लिफ्ट चालवली, एका डॉक्टरच्या दारात नंबर लावायला बसले. माणूस बारीक, आवाज मोठा. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्यांचा तसाच असतो. ते मला ‘चेडवा’ म्हणत, म्हणजे पोरी. अण्णा हजेरीपट वाचत आणि मी टाइप करी. चार महिने रविवारचे रविवार आम्ही टाइम ऑफिसात नाका-तोंडाला रुमाल बांधून बसलो. सुमारे चार हजार माणसं उतरवली. एका ओळीत एक माणूस. नाव, खातं आणि तिकीट नंबर. गिरणीत प्रत्येकाला नंबर असे आणि तो पितळी बिल्ल्यावर ठोकलेला असे. कागद रद्दीत गेले, यादी दोन फ्लॉपींवर राहिली. एक मूळ, एक नक्कल. मशीन आमचं इतकं म्हातारं, की त्याला स्वतःच्या पोटात काही ठेवताच येत नसे. एका ऑफिसने भंगारात काढलेलं, ते आम्ही एका व्यायामशाळेच्या खोलीत डंबेल्सच्या शेजारी मांडलं होतं.

जुनी फ्लॉपी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. काळ्या चौकोनी पाकिटात एक पातळ, लवचीक तबकडी. पाकिटाला एक लांबट खिडकी, त्यातून तबकडीचा तुकडा उघडा दिसतो. मशीन त्याच खिडकीतून वाचतं. मी अण्णांना ती खिडकी दाखवून मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, “अण्णा, सगळ्या गिरणीचा मेंदू इथे आहे.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

गिरणी गुंडाळायला नेमलेले एक साहेब होते. सदाशिव पेठेतून थेट उचलून आणल्यासारखे. यादी ते स्वीकारणार होते, पण त्यांची अट होती. “हे बघा बाई, आज चार हजार नावं आहेत, उद्या कोणाचा मेहुणा घुसेल. मला कसं कळायचं?” प्रश्न रास्त होता. मी त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. सगळ्या तिकीट नंबरांची बेरीज करायची. या बेरजेला स्वतःला काही अर्थ नसतो, बिल्ल्यांवरच्या आकड्यांची बेरीज करून कोणाचं काय होणार? पण एक माणूस घुसवला तर ती वाढते, एक गाळला तर कमी होते. साहेबांसमोर स्क्रिप्ट चालवली. त्यांनी बेरीज स्वतःच्या लाल डायरीत लिहिली, एका चिठ्ठीवर लिहून खाली सही केली आणि ती आम्हाला दिली. अण्णांनी ती भिंतीवर चिकटवली. साहेब म्हणाले, “दसऱ्यानंतरच्या सोमवारी येतो. ही बेरीज जुळली तर यादी घेईन. नाही जुळली तर संपूर्ण यादी बाद.”

छापायचं यंत्र भाड्याने आणायचं होतं, ते दसऱ्यानंतर स्वस्त मिळणार होतं. म्हणून छापील प्रत नव्हती. दोन्ही फ्लॉप्या एकाच खणात होत्या. हे दोन्ही निर्णय माझे. तीस वर्षं लोकांना ‘नक्कल दुसऱ्या घरात ठेवा’ म्हणून बजावत आले, ते या अनुभवावरून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

दसऱ्याला मी मुंबईत नसते. आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. शनिवारी परत आले आणि दुपारी सहज व्यायामशाळेत डोकावले. मशीनला झेंडूचा हार. वर नारळाची शकलं. शेजारी डंबेल्सनाही एकेक फूल. आणि खणात मूळ फ्लॉपी. तिच्या खिडकीत, बरोबर मधोमध, ओलं करून लावलेलं हळदकुंकू आणि वर अक्षता.

“अण्णा!”

“काय गो चेडवा? पूजा बरी झाली. पेढे ठेवलंय तुका.”

“हे काय केलंत?”

“टिळो. मेंदू हय असता म्हणान तूच सांगितलंस मां? मगे टिळो खय लावतलंय? पाठीक?”

मी खुर्चीत बसले. “आणि दुसरी?”

“तिकापण लावलंय. एकीक लावूचा नि दुसरीक नाय, तां बरां दिसता काय? धाकटी जाव रुसली तर?”

धाकटी जाव मशीनमध्ये होती. काल सकाळी अण्णांनी तिला तशीच ओल्या टिळ्यासकट आत घालून यादी नीट आहे का बघितलं होतं. तबकडी गरगर फिरली, कुंकू चहूकडे फासलं गेलं, वाचणाऱ्या दांडीवर त्याचा लगदा झाला. बाहेर काढली तेव्हा तबकडी सौभाग्यवतीच्या कपाळासारखी लालभडक होती. ती गेलीच होती. मशीनची ज्या खाचेत फ्लॉपी घालायची ती खाचही गेली. उरली मूळ फ्लॉपी आणि मशीनची दुसरी खाच.

मी तोंडाला येईल ते बोलले. इथे लिहीत नाही. अण्णा ऐकत राहिले. मग त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने अगदी हळू सांगितलं, “गिरणीत दसऱ्याक आमी लूम धुवून पुसून, हार घालून, पोरांका घेवन येव. संपानंतर इतकी वर्सां हातात मशीनच नव्हतां गो. ह्यां पयलां गावलां.”

मला त्यांची पूजा ठाऊक नव्हती, त्यांना माझी तबकडी ठाऊक नव्हती, आणि दोघांनाही आपण फार नीट काम करतोय असं वाटत होतं. सोमवार दोन दिवसांवर होता.

लॅमिंग्टन रोडच्या एका दुरुस्तीवाल्याने मला कधीतरी एक अघोरी उपाय सांगितला होता. तो करायचा ठरवला. रविवारी सकाळी मी पाकिटाची कड ब्लेडने कापली, तबकडी बाहेर काढली आणि कडेला धरून रिठ्याच्या पाण्यात धुतली. रिठे अण्णांच्या बायकोचे, मंगळसूत्र धुवायचे. मऊ जुन्या धोतराने टिपून घेतली, पंख्याखाली वाळवली आणि एका कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात सरकवली. कॅरम खेळणारी मंडळी खेळ सोडून भोवती उभी. मशीनमध्ये घातली. ती वाचायला लागली. मी देव मानत नाही, पण त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर थोडा वेळ मागून घेतला असता.

जवळजवळ सगळं आलं. एकाच जागी अडकलं. अक्षतेचा एक कण टिळ्याबरोबर दाबला गेला होता आणि तिथे तबकडीला बारीक खड्डा पडला होता. तबकडीवर कपाटाच्या कप्प्यांसारखी छोटी छोटी घरं असतात, आणि मशीन अशा एका घरात आठ ओळी ठेवायचं. म्हणजे तांदळाच्या एका कणाखाली आठ माणसं गाडली गेली होती.

मी बावीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. तेच घर शंभरदा वाच. दर वेळी थोडं वेगळं चुकेल. मग प्रत्येक अक्षरासाठी बहुमत घे, शंभरातल्या जास्तीत जास्त वेळा जे अक्षर आलं ते खरं. निवडणूकच म्हणा, पण इथे उमेदवार खोटं बोलत नाहीत. अण्णांना म्हटलं, “आता काही शिवू नका.” ते हात मागे बांधून उभे राहिले.

मशीन कुरकुरत राहिलं. अर्ध्या तासाने पडद्यावर पहिलं नाव जुळून आलं. मग दुसरं, तिसरं. नावं आली की अण्णा मोठ्याने वाचत आणि त्या माणसाची एखादी खोड सांगत. हा पान खायचा, हा संपात गावाला गेला तो आलाच नाही, हा रेशनच्या रांगेत सगळ्यांना हसवायचा. दुपारी सातवं नाव जुळलं, गोविंद परब. अण्णांनी नाव वाचलं आणि त्याची खोड काही सांगितली नाही. आठवी ओळ म्हणजे नुसता कचरा. चिन्हं, ठिपके, मधेच एखादं अक्षर. पुन्हा शंभरदा वाचलं. पुन्हा कचरा.

“ऱ्हवांदे गो,” अण्णा म्हणाले. “सात इले ना? एक गेलो तर गेलो.”

“गेला तर गेला कसा? कोण आहे तो?”

“आसात कोणतरी.”

“आणि बेरीज? एक माणूस कमी पडला तर साहेब सगळी यादी फेकून देतील.”

हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. भिंतीवर साहेबांच्या सहीची बेरीज होती. पूर्ण यादीची. आता जी यादी हातात होती तिच्यात फक्त एक माणूस कमी होता. भिंतीवरच्या आकड्यातून हातातली बेरीज वजा केली की उरेल तो त्याचा तिकीट नंबर. ही बेरीज मी चोर पकडायला लिहिली होती. माणूस शोधायला तिचा उपयोग होईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. दोन माणसं हरवली असती तर काही करता आलं नसतं. एकच होता म्हणून जमलं.

वजाबाकी मशीनवर केली, मग पेन्सिलीने केली. उत्तर आलं २७४६.

“अण्णा, सत्तावीसशे शेहेचाळीस कोण?”

अण्णांनी कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातून काहीतरी सोडवलं आणि माझ्या समोर ठेवलं. पितळेचा बिल्ला. झिजून गुळगुळीत झालेला. वर गिरणीचं नाव, खाली २७४६.

“तुम्हाला कधी कळलं?”

“गोविंदाचा नाव इला तेवाच. गोविंदाच्या बाजूक मीच होतंय.”

“आणि गप्प बसलात?”

“माझ्या हातान झाला. म्हटलंय, सायबाक सगळा सांगतलंय, माझाच जावंदे. चार हजारांचा कित्याक जावचा?”

मी चिडले. नंतर रडलेही, पण आधी चिडले. चार महिने रुमाल बांधून परक्यांची नावं वाचणारा माणूस स्वतःचं नाव सोडून द्यायला निघाला होता, आणि तेही तांदळाच्या कणासाठी!

सोमवारी सकाळी भाड्याचं यंत्र आणून यादी छापली, आणि साहेब आले. हाराकडे पाहून त्यांनी भुवई उचलली. मी काही लपवलं नाही, कुंकवापासून रिठ्यापर्यंत सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, “बिल्ला काय, कोणीही कुठूनही आणेल.” मी म्हटलं, “आणेल. पण तुमच्या लाल डायरीतल्या बेरजेत बरोबर बसणारा एकच बिल्ला आहे. ती डायरी आमच्या हातात कधीच नव्हती. तुम्हीच वजा करून बघा.”

साहेबांनी डायरी काढली. वजाबाकी त्यांनी तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळ्या कागदावर. मग बिल्ला उचलून उजेडात धरला. “नाव?” त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णांनी नाव सांगितलं, आणि साहेबांनी छापील यादीच्या शेवटी ते स्वतःच्या हाताने लिहून पुढे सही केली. जाताना मला म्हणाले, “ती स्क्रिप्ट मला द्याल का? आमच्याकडे सगळे मेहुणेच आहेत.”

घरं मिळायला इतकी वर्षं लागली, की ज्यांची नावं आम्ही उतरवली त्यातल्या कितीकांच्या मुलांना ती मिळाली आणि कितीकांना अजून मिळायची आहेत. अण्णांच्या सुनेला मिळालं. अण्णा तोवर राहिले नव्हते. याचा राग मला अजूनही आहे, आणि तो कुठल्याही स्क्रिप्टने पुसला जात नाही.

पण पुढच्या दसऱ्याला अण्णा होते. नागपूरला निघण्याआधी मी त्यांच्यासाठी एक चिठ्ठी लिहून भिंतीवर, त्या बेरजेच्या शेजारी लावली. एक, वायर काढा. दोन, फ्लॉप्या तुमच्या घरी गोदरेजच्या कपाटात ठेवा. तीन, टिळा फक्त मशीनच्या डोक्यावर, पत्र्याला. चार, नारळ बाहेर फोडा. पाच, पेढे खा. आयुष्यात लिहिलेल्या शेकडो स्क्रिप्टपैकी ही एकच पहिल्या फटक्यात बिनचूक चालली.

परत आले तेव्हा वायर काढलेली होती, फ्लॉप्या कपाटात होत्या, टिळा पत्र्यावर होता, नारळ बाहेर फोडलेला होता. आणि माझ्या पाच ओळींखाली बॉलपेनने, हजेरीपटावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात, सहावी ओळ वाढवलेली होती.

सहा, तिकीट नंबर २७४६, हजर.